मामा तलावात दरवर्षी बीज वाढवूनही मासळी घटते आहे. मोजायचे नेमके काय?

बोडीवाला (अर्जुनी मोरगाव तालुका, जिल्हा गोंदिया)

नमस्कार. आमची ढिवर समाजाची मच्छीमार सहकारी संस्था असून गावच्या माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे जुने जमीनदार) तलावाचा, म्हणजे मामा तलावाचा, मासेमारीचा ठेका आमच्याकडे आहे. तलाव पूर्ण भरला की पाण्याचा पसारा ३४ हेक्टर होतो. धानाला शेवटचे पाणी सोडून झाले की डिसेंबरात तो वीस-बावीस हेक्टरांवर येतो, आणि मे महिन्याच्या अखेरीस मधल्या खोलगटात जेमतेम सहा हेक्टर पाणी उरते.

मी सहा वर्षांपासून संस्थेचा सचिव आहे. पहिल्या वर्षी आम्ही कतला, रोहू आणि मृगल यांचे मिळून ८० हजार बीज सोडले होते आणि विक्रीच्या वहीत ३१ क्विंटल मासळीची नोंद झाली होती. पुढे मासळी कमी निघू लागली तसे आम्ही बीज वाढवत गेलो. गेल्या वर्षी १ लाख ७० हजार नग सोडले, तरी वहीत १९ क्विंटलच भरले. कारणे विचारली तर प्रत्येक सभासदाचे कारण वेगळे असते. कोणी म्हणतो बीजच खराब येते, कोणी म्हणतो मरळ सगळे खाऊन टाकते, कोणी गाळाकडे बोट दाखवतो, तर कोणी काठाने माजलेल्या बेशरमाच्या झुडपांकडे. एका बैठकीत मरळ पूर्णपणे काढून टाकण्याचा ठराव होता होता राहिला, कारण ठराव मांडणाऱ्याच्याच घरी त्या दिवशी मरळीचा रस्सा होता.

मागील हिवाळ्यात एक विद्यार्थी अभ्यासासाठी आला. त्याने पाण्याचा सामू (pH) आणि विरघळलेला प्राणवायू तपासला आणि पाणी मत्स्यपालनास योग्य असल्याचा कागद दिला. त्या कागदाचे पुढे काय करावे, हे आम्हाला उमगले नाही. माझा प्रश्न असा की, मत्स्यव्यवसायावर एवढे संशोधन होते, त्यातले आमच्यासारख्या संस्थेला उपयोगी पडेल असे काय आहे? तलावाचा निर्णय ज्याच्या आधारे घेता येईल अशी कोणती मोजणी आम्ही स्वतः करू शकतो? आणि मरळ काढावी की ठेवावी?

---

जाळे_आणि_वही (नागपूर)

सचिव महोदय, उत्तर देण्याआधी मी एक विचारतो. ते १ लाख ७० हजार नग मोजले कोणी?

मी जलाशयांच्या पाहणीच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून हा प्रश्न आधी येतो. बीज वाटीने मोजले जाते. एका वाटीतले नग मोजायचे आणि किती वाट्या ओतल्या त्याने गुणायचे, ही पद्धत रास्तच आहे. पण पहिली वाटी आपल्या माणसाने, आपल्या डोळ्यांदेखत, पांढऱ्या परातीत ओतून एकेक करून मोजलेली असेल तरच. दुसरी गोष्ट आकाराची. मत्स्यजिरे काही मिलिमीटरचे असतात, मत्स्यबीज साधारण दोन-अडीच सेंटिमीटरचे, आणि बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्ले. वहीत आपण ‘बीज’ एवढेच लिहिले आहे. दोन सेंटिमीटरचे एक लाख नग आणि दहा सेंटिमीटरचे एक लाख नग यांची बेरीज एकाच रकान्यात होऊ शकत नाही.

जिथे मरळ, दाडक, शिंगी असे मासे आधीपासून नांदत आहेत, तिथे दोन सेंटिमीटरचे बीज सोडणे म्हणजे त्यांना ताट वाढण्यासारखेच आहे. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने लहान जलाशयांसाठी जी पद्धत रुजवली, तिचा गाभाच असा की शंभर मिलिमीटरच्या आसपासची, म्हणजे मोठी बोटुकली सोडावी, तिला जलाशयातील नैसर्गिक खाद्यावर वाढू द्यावे आणि ठरावीक वजनाची झाल्यावर काढावी. किती सोडावी, हे उलट्या बाजूने काढायचे असते. आपला हिशेब मांडून पाहू. पाण्याचा पसारा वर्षभर बदलतो, म्हणून ३४ धरू नका, २० हेक्टर धरा. हेक्टरी दीडशे किलोची अपेक्षा ठेवली, तर एकूण ३,००० किलो. मासा सरासरी पाऊण किलोचा झाल्यावर काढणार असाल, तर ४,००० मासे हाती यावे लागतील. सोडलेल्या चार बोटुकल्यांपैकी एकच जाळ्यात येते असे धरले, तरी १६,००० बोटुकल्या पुरतात. दीडशे ही अपेक्षा फार मोठी नाही आणि फार लहानही नाही. देशातील लहान जलाशयांची सरासरी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हेक्टरी सुमारे ५० किलो निघाली होती, आणि नीट बीज-संचयन केलेल्या जलाशयांत ती त्याच्या कितीतरी पट आढळली होती. यातला ‘चारांपैकी एक’ हा आकडा मात्र माझा आहे, आपल्या तलावाचा नाही. तो आपल्या तलावात किती आहे, हे शोधणे हेच आपले संशोधन.

त्यासाठी विक्रीची वही पुरणार नाही, पकडीची वही हवी. जाळे कोणते, त्याचा डोळा (छिद्र) किती, किती माणसे, किती तास, कोणती जात, किती नग, किती वजन, एवढे सात रकाने. विक्रीच्या वहीत १९ क्विंटल दिसले तर मासे कमी झाले की माणसे कमी वेळा पाण्यात उतरली, हे कळत नाही. तेच जाळे, तेवढेच तास आणि पकड निम्मी, असे सलग दिसले तर मात्र तलावातले मासे कमी झाले असे म्हणता येते. हे काम दर आठवड्याला एकाच वारी करावे, म्हणजे बाजाराच्या दिवसाची गडबड त्यात मिसळणार नाही.

विद्यार्थ्याच्या कागदाविषयी एवढेच सांगतो की प्राणवायूचे माप त्याने बहुधा दिवसा घेतले असावे. दिवसा पाण्यातील वनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री त्यासुद्धा तो वापरतात, त्यामुळे पहाटे, सूर्य उगवण्याआधी तो सर्वांत कमी असतो. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे पाच वाजता तलावावर जा. मासे वर येऊन तोंडे उघडत असतील तर कागद काहीही म्हणो, तेथे अडचण आहे. पुन्हा मापणी करायची झाल्यास तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात विचारा, आणि वेळ पहाटेचीच मागा.

---

शेततळे_सेलू (जिल्हा वर्धा)

वरील हिशेब पटला, पण थोडे वेगळे मत मांडतो. माझे स्वतःचे शेततळे आहे, त्यात खाद्य टाकून रोहू आणि पंगस वाढवतो आणि दरवर्षी मोजून विकतो. मामा तलावांत नैसर्गिक खाद्यावर किती दिवस विसंबून राहणार? सरकारची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० साली सुरू झाली, तिच्यात पिंजऱ्यातील मत्स्यपालनाला अनुदान ठेवले, सुधारित वाणही आहेत. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या साथीने निवड पद्धतीने विकसित केलेला ‘जयंती रोहू’ साध्या रोहूपेक्षा वेगाने वाढतो. मरळ-शिंगी सांभाळत बसण्यापेक्षा दहा पिंजरे टाका, असे माझे स्पष्ट मत आहे. गावठी माशांवर कोणाचे घर चालले आहे?

---

चौरा_चिला (साकोली तालुका, जिल्हा भंडारा)

सेलूच्या भाऊंनी शेवटी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर माझ्याकडे आहे. आमच्या बचत गटातल्या अकरा बायांची घरे त्यावर चालली आहेत.

आधी पिंजऱ्याचे बोलते. पिंजऱ्याखाली खोल पाणी लागते, कारण खाली साचणारी विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून वर यायला नको. आमच्या मामा तलावांत उन्हाळ्यात कमरेइतके पाणी असते. मोठ्या धरणात जे चालते ते येथे आणले, तर मे महिन्यात पिंजरे चिखलात टेकतील.

आता मरळीविषयी. कतला, रोहू, मृगल यांना अंडी घालायला पावसाळ्यातले वाहते नदीचे पाणी लागते, साठलेल्या तलावात ती बहुधा वीत नाहीत. पूर्वी नदीतून पिल्ले गोळा करून आणावी लागत. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालून घेतली, आणि तेव्हापासून बीज केंद्रे उभी राहिली. ते १० जुलैचे होते म्हणून तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. म्हणजे रोहू हा पेरलेला मासा आहे; या वर्षी पेरला नाही तर पुढच्या वर्षी नाही. मरळ, दाडक, शिंगी, मागूर, झिंगे हे उगवलेले आहेत. त्यांना बीजाचा खर्च नाही, पण विणीची जागा आणि विणीचा काळ सोडावा लागतो. दोघांना एकच नियम लावला तर दोन्हींचे नुकसान होते. बारीक डोळ्याच्या जाळ्याने रोहूचे नुकसान एवढेच की अर्धा किलोचा होण्याआधी तो शंभर ग्रॅमचा विकला जातो. मरळीचे तसे नाही, तिची पुढची पिढीच जाते.

मी लहानपणापासून पाहिलेले सांगते. रोवणीच्या (धानाच्या लावणीच्या) दिवसांत काठाजवळच्या गवतात पाण्यावर एक लालसर थवा हळूहळू फिरताना दिसतो. जवळून पाहिले तर ती हजारभर पिल्ले असतात, आगपेटीच्या काडीपेक्षा बारीक, आणि ती सारखी वर येऊन हवा घेत असल्यामुळे पाण्याला बुडबुडे आल्यासारखे वाटते. त्या थव्याच्या बरोबर खाली मरळ असते. थव्यात गळ टाकला की ती पिल्लांना धोका आहे असे समजून गळावर धावते आणि एका झटक्यात दीड किलोचा मासा मिळतो. आमचे मामा असेच पकडत. दुसऱ्या दिवशी तिथे पाहिले तर थवा विखुरलेला असे आणि तिसऱ्या दिवशी काहीच नसे. आमच्या संस्थेने दोन महिने थव्यावर गळ टाकण्याला बंदी केली. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज पडली नाही, भांडणे मात्र झाली.

त्याखेरीज वनस्पतींकडे पाहा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळ, गाळ, पाट यांची देखरेख कोणाचीच राहिली नाही. काठ उघडा पडला तिथे बेशरम शिरले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन तलावांतील मासे आणि वनस्पती यांची नोंद केली, बेशरम काढून गाद, चौरा, चिला, देवधान अशा देशी वनस्पती पुन्हा लावल्या. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे प्रश्न विचारण्याची रीत. कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, हे म्हाताऱ्या ढिवरांना तोंडपाठ होते. ते कोणी लिहून घेतले नव्हते, एवढेच. तुम्ही कॉमन कार्प सोडता का, हेही सांगा. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि नव्याने लावलेले चिला उपटून टाकतो.

---

जाळे_आणि_वही (नागपूर)

ताईंनी ‘पेरलेले’ आणि ‘उगवलेले’ असा जो भेद केला, तो माझ्या पहिल्या उत्तरात यायला हवा होता. त्यामुळे पकडीच्या वहीचे दोन भाग करावेत. सेलूच्या भाऊंच्या जयंती रोहूला माझा विरोध नाही, चांगले वाण जरूर आणावे. पण निकृष्ट मोजणीत उत्तम वाण सोडले तरी हाती काय आले ते कळणार नाही.

बोटुकली विकत घेणे महाग पडते, म्हणून तलावाशेजारची एखादी बोडी, म्हणजे लहान तळे, पिल्ले वाढवण्याची नर्सरी म्हणून वापरता येईल. बोडीत आधीचे मासे असतील तर मोहाची पेंड वापरावी. तिच्यातील सॅपोनिनमुळे मासे मरतात, नंतर तीच पेंड कुजून खत होते. प्रमाण हेक्टरी एक मीटर खोल पाण्याला २,००० ते २,५०० किलो, म्हणजे दहा गुंठ्यांच्या अर्धा मीटर पाणी असलेल्या बोडीला १०० ते १२५ किलो. त्यानंतर किमान पंधरा ते वीस दिवस बीज सोडू नये. बोडी तलावाला जोडलेली नसावी, हे कृपया दोनदा तपासावे. पेंडीला रोहू आणि मरळ यांतला फरक कळत नाही.

---

बोडीवाला (अर्जुनी मोरगाव तालुका, जिल्हा गोंदिया)

सात महिन्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. जुलैत बीज आले तेव्हा आम्ही परात घेऊनच उभे होतो. पुरवठादाराने वाटीत ५०० नग सांगितले होते. पहिली वाटी ओतून मी आणि शाळेत जाणारी माझी पुतणी, दोघांनी पिसाच्या टोकाने एकेक बाजूला सारत मोजले, ३१२ भरले. दुसरी वाटी ३०४. पिशवीच्या तळाशी मेलेल्या पिल्लांचा पांढुरका थर वेगळाच होता. मागील सहा वर्षांच्या वहीतील सर्व आकड्यांकडे मी त्या रात्री पुन्हा पाहिले आणि वही मिटून ठेवली.

या वेळी आम्ही लाखांच्या मागे लागलो नाही. मोजून २५ हजार बीज घेतले, पिशव्या पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून मग उघडल्या, आणि मोहाची पेंड टाकून तयार केलेल्या बोडीत वाढवले. सप्टेंबरच्या शेवटी ११,४०० बोटुकल्या मोजून तलावात सोडल्या, बहुतेक नऊ ते दहा सेंटिमीटरच्या होत्या. सोळा हजारांचा आकडा गाठता आला नाही. कॉमन कार्प सोडणे बंद केले.

पकडीच्या वहीने मात्र भलतेच दाखवले. ऑक्टोबरपासूनच्या तीन महिन्यांत गावठी मासे वजनाने एकूण पकडीच्या पाचव्या हिश्शाएवढे होते, आणि पैशाने जवळपास दोन पंचमांश. संस्थेच्या विक्रीच्या वहीत ते कधी आलेच नव्हते, कारण घरच्या बाया ते टोपलीत घालून परस्पर आठवडी बाजारात विकतात, आणि काही चुलीवर जातात. म्हणजे तलावाचे उत्पन्न जेवढे घटले असे आम्ही समजत होतो, त्यातले काही तलावात घटले होते आणि काही फक्त वहीत. मरळ काढण्याचा ठराव आता कोणी मांडत नाही. थव्यावर गळ टाकण्याची बंदी येत्या रोवणीपासून लागू करायचे ठरले आहे; त्याला विरोध करणारे तीन जण आहेत आणि तिघेही माझे नातलग आहेत.

अडलेले काम पाण्याचे आहे. पाणी कधी आणि किती सोडायचे ते सिंचनवाले ठरवतात, त्या बैठकीत ढिवरांना खुर्ची नाही. मे महिन्यात किती पाणी राहिले तर मासे तगतात, हे आकड्याने सांगता आले तर निदान बोलता येईल, म्हणून खोलगटात खुणांचा बांबू रोवला आहे आणि दर सोमवारी पाणी वाचतो. आता एक विचारायचे आहे. आज तलावात किती रोहू-कतला आहेत, हे मे महिन्यापर्यंत न थांबता कळू शकते का?

---

जाळे_आणि_वही (नागपूर)

कळू शकते, आणि जानेवारी हा त्यासाठी चांगला महिना आहे, कारण सांडव्यावरून पाणी जात नाही आणि थंड पाण्यात मासा हाताळणी सोसतो. ओढजाळ्याने मासे धरा, समजा २००. प्रत्येकाच्या पोटाकडील डाव्या पराचे टोक कात्रीने छाटून लगेच पाण्यात सोडा, तेही एका जागी नव्हे तर तलावभर. दोन आठवडे जाऊ द्या, म्हणजे ते इतरांत मिसळतील. मग पुन्हा धरा. समजा १६० मिळाले आणि त्यांत छाटलेल्या पराचे १६ निघाले. म्हणजे दर दहांमागे एक खुणेचा. खुणेचे २०० असताना तलावात सुमारे २,००० मासे आहेत. आपण ११,४०० सोडले होते, त्यावरून चारांमागे एक की सहांमागे एक, ते तुमच्याच तलावाचे उत्तर मिळेल आणि पुढील वर्षीचे बीज त्यावर ठरवता येईल. छाटलेला पर हळूहळू पुन्हा वाढतो, म्हणून दुसरी पकड महिन्याच्या आत उरका.

एक काळजी मात्र घ्यावी. त्या दोन आठवड्यांत कोणी खुणेचा मासा घरी नेला आणि सांगितले नाही, तर दुसऱ्या पकडीत खुणेचे कमी निघतील आणि गणित तलावात आहेत त्यापेक्षा जास्त मासे दाखवील. खाल्ला तरी हरकत नाही, परंतु पर छाटलेला होता एवढे वहीत येऊन सांगावे, असे टोपली घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायांनाही आधीच सांगून ठेवा.